पहिल्या बर्फात जंगलातली डोंगरधार: जाण्याआधी आणि उतरताना

ज्या धारेवर मी कोरड्या दिवसांत सहा वेळा जाऊन आलो होतो, तिच्यावरच हिवाळ्यातल्या पहिल्या बर्फात वाट चुकलो. बर्फ तरी किती? घोटा बुडेल न बुडेल इतका. आम्ही तिघं होतो. माथ्यावर पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, उतरताना भलत्याच सोंडेवर (मुख्य धारेला फुटलेल्या बाजूच्या धारेवर) शिरलो आणि चूक लक्षात आली तेव्हा खाली ओढा होता, मागे दोनशे मीटरची चढण. ती चढण हेडटॉर्चच्या उजेडात पुन्हा चढलो. कुणाला काही झालं नाही, पण घरी आल्यावर बूट काढताना बोटांना नाडीची गाठ सुटेना. त्यानंतरच्या हिवाळ्यांत जे शिकलो ते क्रमाने लिहून काढतोय.

लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुम्ही डोंगर चढलेले आहात, पण बर्फात पहिल्यांदाच जाताय. धार झाडीने झाकलेली आहे, दोर लावावा लागेल असा टप्पा नाही, एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे आणि बर्फ गुडघ्याच्या खाली आहे. यापलीकडचं काही असेल तर अनुभवी माणूस सोबत घ्या. एवढ्या वाचनावर जाऊ नका.

नवख्यांना वाटतं की बर्फ कमी म्हणजे त्रास कमी. भर हिवाळ्यात बर्फ दाबून घट्ट होतो, दगडांमधल्या फटी बुजतात, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाट मळलेली असते. सुरुवातीचा भुसभुशीत बर्फ यातलं काहीच करत नाही. तो नुसता झाकतो. खालचा ओला पाला, मुळं, आडवी खोडं, दगडांमधली भोकं सगळं जागच्या जागी असतं, फक्त तुम्हाला दिसत नाही.

१. आधी परतीची वेळ ठरवा, मग निघायची

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा हिशेब मांडला होता, तो आजही कामाला येतो. मीटरमध्ये सांगायचं तर सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला वरून एक तास. जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि ७०० मीटर चढाई असेल तर दोन तास अधिक एक तास दहा मिनिटं, म्हणजे ३ तास १० मिनिटं. हा आकडा धडधाकट माणसाचा, कोरड्या वाटेवरचा, विश्रांती न धरता.

बर्फात याला घोट्याएवढ्या थरासाठी दीडपट करा आणि पोटरीपर्यंत पाय रुतत असेल तर दुप्पट. तेच ३ तास १० मिनिटं आता पावणेपाच ते जवळपास साडेसहा तासांवर जातात. वर थांबण्याचा, कपडे बदलण्याचा, वाट शोधण्याचा किमान एक तास.

आता दिवस किती मोठा आहे ते पाहा. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला उत्तरेकडच्या ३० अक्षांशावर दिवस साधारण सव्वादहा तासांचा असतो, ४५ अक्षांशावर पावणेनऊ तासांचा. त्यातही दाट सूचिपर्णी झाडीत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणून मी उलटं मोजतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी झाडीच्या खालच्या टोकाला पोचायचं, तिथून मागे हिशेब करत माथ्याची वेळ काढायची, आणि त्या वेळेला जिथे असू तिथून परत फिरायचं. ही वेळ घरी, ऊबदार खोलीत, कागदावर लिहून ठेवा. वर गेल्यावर ठरवू म्हणालात तर वर गेल्यावर माथा नेहमी "हा काय, इथेच" असतो.

२. हवामानाचा अंदाज धारेचा पाहा, पायथ्याचा नाही

उंचीबरोबर तापमान सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याच्या गावात ० अंश असेल तर ८०० मीटर वर उणे ५ धरून चाला. त्यात वारा मिसळा. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. जंगलातून चढताना हे कळत नाही, कारण झाडं वारा अडवतात. झाडी संपते त्या पावलाला कळतं.

माझं मत थोडं उलटं वाटेल, पण उणे १० अंशांचा कोरडा दिवस मला ० ते २ अंशांच्या ओल्या दिवसापेक्षा कितीतरी बरा वाटतो. शून्याच्या आसपास बर्फ अंगावर पडून वितळतो, फांद्यांवरून पाणी ठिबकतं, हातमोजे दुपारपर्यंत पिळून काढण्यासारखे होतात. थंडी अंगात शिरते ती ओलीतून. अंदाजात "पाऊस, पुढे बर्फ" असं दिसलं तर पहिल्या वेळी तो दिवस सोडून द्या.

हिमप्रपाताबद्दल, म्हणजे उतारावरून बर्फ कोसळण्याबद्दल, "आपण तर धारेवरून जाणार, वर जंगल आहे, मग कसली भीती" हा समज मीही बाळगून होतो. धारेचा कणा बाजूच्या उतारांपेक्षा सुरक्षित असतो हे खरं. पण वाट क्वचितच पूर्णवेळ कण्यावरून जाते. मधेच ती बाजूच्या उतारावर घसरते, एखादी घळ ओलांडते. ३० ते ४५ अंशांचे उतार बर्फ घसरण्यासाठी सर्वांत धोक्याचे. सुरुवातीचा पातळ थर आणि कडाक्याच्या रात्री यांतून तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि त्यावर नंतर पडलेला बर्फ नीट धरून राहत नाही. दाट झाडी बर्फ धरून ठेवते, विरळ झाडी नाही. उतारावरच्या झाडांच्या चढाकडच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या आणि उताराकडच्या शाबूत दिसल्या, किंवा रांगेने खोडं खालच्या अंगाला वाकलेली दिसली, तर तिथून पूर्वी बर्फ येऊन गेलेला आहे. अशी पट्टी ओलांडायची वेळ आली तर परत फिरा. तुमच्या भागात हिमप्रपाताचं पत्रक निघत असेल तर ते निघण्याआधी वाचाच, पण एक लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी ही पत्रकं मोसम स्थिरावल्यावर सुरू होतात. पत्रक नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

३. कागद आणि निरोप

हे थोडक्यात आटपतो, पण यातलं काही गाळू नका.

- ओळखपत्र, आणि जंगल संरक्षित असेल तर प्रवेशाचा परवाना. हिवाळ्यात काही वाटा अधिकृतपणे बंद असतात, हे परवाना घेतानाच विचारा.
- छापील नकाशा, समोच्च रेषांचा, पाण्यापासून वाचेल अशा पिशवीत. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटरपेक्षा जास्त असेल तर लहान सोंडा नकाशावर दिसतच नाहीत.
- फोनमध्ये तोच भाग आधीच उतरवून ठेवलेला, नेटवर्कशिवाय उघडतो का हे घरीच विमान मोडवर टाकून तपासलेलं.
- बचावकार्याचा खर्च धरणारा विमा, जिथे तो खर्च तुमच्याकडून घेतला जातो तिथे.
- मागे राहणाऱ्या एका माणसाकडे लेखी निरोप: कोणत्या वाटेने जाणार, कोण कोण आहे, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. शेवटची ओळ नसेल तर बाकीच्या निरोपाला अर्थ नाही. माणूस "येतील थोड्या वेळात" म्हणत रात्रभर वाट बघत बसतो.

४. सामान

बूट: पाणी आत न घेणारे, घोटा झाकणारे, आणि जाड मोजा घातल्यावरही आत बोटं हलतील इतके सैल. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. रक्त अडतं, मोज्यांतली हवा दाबली जाते आणि पाय एका मोज्यात पडले असते त्यापेक्षा जास्त गार पडतात.

गेटर: बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढणारं आवरण. चैनीची वस्तू वाटते, पण पहिल्या अर्ध्या तासातच पैसे वसूल होतात. हे नसेल तर बर्फ वरून बुटात शिरतो आणि मग बूट कितीही चांगला असो, आत तळं होतं.

मायक्रोस्पाइक्स: बुटावर रबराने चढवायचे साखळीचे काटे. मळलेल्या, घट्ट झालेल्या किंवा पाणी गोठून काच झालेल्या वाटेवर यांच्याशिवाय चालू नका. मात्र सैल ताज्या बर्फात, खाली पाला असताना, ते फारसे धरत नाहीत. उलट तळाशी बर्फाचे गोळे जमून पाय उंच टाचेच्या चपलेसारखा डुगडुगतो. गोळा जमला की काठीने बुटाच्या कडेवर एक टोला द्यायचा, गळून पडतो. मोठे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब धातूचे काटे) लागतील असा टप्पा वाटेत असेल तर पहिल्यांदा जायला ती वाटच चुकीची आहे.

काठ्या: दोन, खाली रुंद चकत्या बसवलेल्या. चकती नसली तर काठी मुठीपर्यंत आत जाते.

कपडे: अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, त्यावर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. थांबल्यावर घालायला सॅकमध्ये एक जाड जॅकेट वेगळं. सुती काही नको, आतलेही कपडे नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम तुम्हाला गारठवतो. पिसांचं जॅकेट उबेला उत्तम, पण भिजलं की चिंधी. ओल्या दिवसांसाठी कृत्रिम भरणाचं घ्या.

हातमोजे तीन जोड. हो, तीन. चढताना पातळ, धारेवर जाड, आणि तिसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, जो तुम्ही न वापरता परत आणाल अशी आशा ठेवायची.

हेडटॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र, सेल नवे. लिथियमचे साधे सेल थंडीत अल्कलाइनपेक्षा खूपच चांगले टिकतात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलेला माझा फोन साठ टक्क्यांवरून एका झटक्यात बंद पडला होता; खिशात ऊब मिळाल्यावर पुन्हा चालू झाला, पण तोवर वळण मागे पडलं होतं.

पाणी रुंद तोंडाच्या बाटलीत न्या आणि बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो. उलटी ठेवली की तो बुडाशी धरतो आणि झाकण उघडतं. नळीने प्यायच्या पिशव्यांची नळी पहिल्या तासाभरात गोठते. निदान एक थर्मास गरम पेयाचा हवा. बर्फ खाऊन तहान भागवू नका, तो वितळवायला तुमच्याच अंगाची ऊब खर्ची पडते; आणि स्टोव्हवर वितळवायचा म्हटलं तर ताजा बर्फ दहा लिटर भरला तेव्हा कुठे लिटरभर पाणी हाती येतं.

खाणं हातमोजे न काढता खाता येईल असं, खिशात, छोट्या तुकड्यांत. दगडासारखं घट्ट होणारे बार घरीच मोडून ठेवा.

बाकी: होकायंत्र, शिटी, प्रथमोपचाराचं सामान, फॉइलची आपत्कालीन पिशवी, बसायला फोमचा छोटा तुकडा, दोरी, चिकटपट्टी, चष्मा किंवा गॉगल. फोमच्या तुकड्याला हसू नका. जखमी माणसाला बर्फावर बसवायची वेळ आली तर त्याच्याखाली काय घालणार?

५. थोडी थंडी वाजतच निघा

गाडीतून उतरताना सगळं अंगावर चढवून निघालात तर वीस मिनिटांत घामाघूम व्हाल, आणि तो घाम धारेवर पोचल्यावर वसूल होईल. जाड जॅकेट सॅकमध्ये टाका, थंडी वाजत असतानाच चालायला लागा. दहा मिनिटांनी थांबून एक थर कमी-जास्त करा. घाम फुटेल इतक्या वेगाने चढूच नका. ज्याला सगळ्यांच्या पुढे धावायची सवय आहे त्याला मागे ठेवा.

फांद्यांवरच्या बर्फाबद्दल कुणी आधी सांगत नाही. सूचिपर्णी झाडांच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने वाटेवर लवलेल्या असतात. सॅकचा वरचा कोपरा एखाद्या फांदीला लागतो आणि ओंजळभर बर्फ थेट मानेतून पाठीवर उतरतो. पाठ आणि सॅक यांच्यामध्ये तो वितळतो आणि दिवसभर तिथेच राहतो. उपाय सोपा आहे. पुढच्याने लवलेल्या फांदीला काठीने लांबूनच टपली मारायची, बर्फ झडू द्यायचा, फांदी वर गेली की मग खालून जायचं. दाट झाडीत जॅकेटचं टोपडं डोक्यावर, मोकळ्यात मागे. आणि पुढच्याच्या अगदी पाठीला लागून चालू नका, कारण त्याची सुटलेली फांदी तुमच्या तोंडावर येते.

६. पाऊल कसं टाकायचं

सगळं वजन एकदम टाकायचं नाही. पाय ठेवा, हलकेच दाबा, तळ लागला की मग वजन द्या. आडव्या खोडावर पाय देऊन चढू नका, ओलांडून जा. ताज्या बर्फाखालची ओली साल साबणासारखी निसटते. दगडांच्या राशीत दोन दगडांमधली जागा बर्फाने सपाट दिसते, तिथे पाय मांडीपर्यंत जातो, आणि वेग असेल तर नडगी मोडते. अशा जागी काठीने आधी टोचून पाहायचं.

लहान सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यालगत जाऊ नका. खालच्या फांद्या छत्रीसारखा बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. आत गेलेला पाय फांद्यांत अडकतो, आणि बाहेर काढताना बूट आतच राहू शकतो.

ओढे या दिवसांत गोठलेले नसतात, नुसते झाकलेले असतात. सपाट पांढऱ्या पट्ट्याखालून पाण्याचा आवाज येतो का, थांबून ऐका. एका पायाचा बूट पाण्याने भरला तर माथा त्या दिवसापुरता संपला, यावर वाद घालायचा नाही.

बर्फ पोटरीपर्यंत आला की पुढे चालणाऱ्याची दमछाक होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे जावा. मागच्यांनी त्याच ठशांत पाय टाकावेत, नवी नक्षी काढू नये.

७. वाट: चढताना एक, उतरताना अनेक

आता मुख्य गोष्ट. आम्ही चुकलो ते इथेच, आणि कितीतरी जण इथेच चुकतात.

धार चढताना तुम्ही चुकणं अवघड असतं. दोन्ही बाजूंच्या सोंडा वर जाऊन मुख्य धारेला मिळतात, म्हणजे कुठूनही वर चढलात तरी शेवटी एकाच ठिकाणी पोचता. उतरताना तेच उलटं होतं. मुख्य धार खाली येता येता फुटते, सोंडेला सोंड फुटते, आणि प्रत्येक फाट्यावर दोन्ही वाटा "खालीच" जात असतात. कोरड्या दिवसांत मळलेली वाट तुम्हाला बरोबर सोंडेवर नेते आणि तिथे फाटा होता हे तुमच्या लक्षातही येत नाही. बर्फाने ती वाट पुसली की प्रत्येक फाटा प्रश्न होतो. त्यात भर म्हणजे मुख्य सोंड बऱ्याचदा फाट्यापाशी जरा सपाट होते किंवा किंचित चढते, आणि बाजूची सोंड सरळ, मोकळी, उताराची दिसते. दमलेले पाय उताराकडे वळतात. आमचे वळले.

म्हणून फाटे चढतानाच शोधा. घरी नकाशा घेऊन बसा आणि उतरण्याच्या दिशेने बोट फिरवा. समोच्च रेषांची टोकं जिथे उताराच्या बाजूला फुगलेली दिसतात ती सोंड; जिथे असे दोन फुगवटे शेजारी सुरू होतात तो फाटा. प्रत्येक फाट्याची उंची आणि पुढची दिशा एका चिठ्ठीवर लिहा: "१४२० मीटर, वायव्येकडे. उजवी सोंड सोडायची." पाच-सहा ओळींची ती चिठ्ठी खिशात. चढताना त्या जागी पोचलात की थांबा, मागे वळा, उतरताना जसं दिसेल तसं पाहा आणि फोटो काढा. समोरून पाहिलेली जागा आणि पाठीमागून पाहिलेली जागा या दोन वेगळ्या जागा असतात.

उतरताना फाट्याच्या उंचीवर आलात की होकायंत्र काढायचं, "आठवतंय मला" म्हणायचं नाही. होकायंत्र वापरताना फोन दुसऱ्या हातात धरू नका, सुई हलते. जीपीएस असेल तर उत्तमच, पण त्यावरची रेघ दर पाच मिनिटांनी पाहायची. फोन हातात धरून चालत राहिलात तर बॅटरी आणि बोटं दोन्ही जातील.

"आपलेच ठसे धरून परत येऊ" हा सगळ्यांचा भरवसा असतो. झाडीत बहुतेकदा जमतंही. पण जिथे वारा आहे, म्हणजे नेमकं उघड्या धारेवर, तिथे ठसे अर्ध्या तासात भरून जातात. आणि दुसऱ्या कुणाचे ठसे दिसले तर ते तुमच्याच वाटेने गेले असतील असं समजू नका. आम्ही काही वेळ ज्या ठशांमागे गेलो ते जवळ जाऊन नीट पाहिलं तेव्हा कळलं, दोन टोकदार खुरांचे आहेत. तेही पाण्याकडेच निघालेलं होतं.

बर्फाखालची वाट ओळखायच्या काही खुणा असतात. वाट किंचित खोलगट असते, म्हणून तिरप्या उन्हात तिच्यावर हलकी सावली दिसते; ढगाळ दिवशी हे जमत नाही. झाडांमधली मोकळी जागा सलग पुढे जाताना दिसते. आडव्या पडलेल्या खोडाचा मधला भाग करवतीने कापून काढलेला असेल तर वाट तिथूनच जाते, याहून खात्रीची खूण मला माहीत नाही. खोडांवर रंगाच्या खुणा असतील तर वाऱ्याच्या बाजूने आलेला बर्फ त्या लिंपून टाकतो. एखादं संशयास्पद खोड दिसलं तर हाताने बर्फ पुसून पाहा. शेवटची खात्रीची खूण दिसल्यानंतर शंभर पावलांत दुसरी सापडली नाही तर सगळ्यांनी पुढे जायचं नाही. एकाने खुणेजवळ थांबायचं, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात शोधायचं.

आणि चुकलंच तर? उतरत राहू नका. सोंड खाली घळीत संपते, घळीत ओढा असतो, ओढ्याला धबधबे असतात, आणि तिथे फोनही लागत नाही. ज्या जागेबद्दल शेवटची खात्री होती तिथे परत चढा. दोनशे मीटर परत चढणं जिवावर येतं, मला माहीत आहे, पण तेच स्वस्त पडतं.

८. उघड्या धारेवर

झाडी संपण्याआधी, शेवटच्या आडोशाला थांबा. जाड हातमोजे, टोपी, वरचं जॅकेट इथेच चढवा, दोन घास खा, परतीची वेळ एकदा मोठ्याने म्हणा. वाऱ्यात गेल्यावर चेन लावायला पाच मिनिटं जातात.

वारा ज्या बाजूने येतो तिकडचा बर्फ उडून पलीकडे साठतो. त्यामुळे धारेच्या एका अंगाला उघडे दगड आणि दुसऱ्या अंगाला गुडघाभर बर्फ, कधी कडेवरून बाहेर झुकलेला ओठ. मोसमाच्या सुरुवातीला तो लहान असतो, पण त्याच्याखाली काही नसतं. दगड दिसतात त्या बाजूने चला, कडेवर जाऊन फोटो काढू नका. माथ्यावर दहा मिनिटं पुरे.

९. परत कधी फिरायचं

वेळ झाली की, हे तर झालंच. त्याशिवाय: कुणाचे बूट आतून ओले झाले, सुक्या हातमोज्यांचा शेवटचा जोड निघाला, किंवा नेहमी बडबडणारा माणूस गप्प झाला. या तिसऱ्या खुणेकडे जास्त लक्ष द्या. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊ लागलं की माणूस अडखळतो, वस्तू हातातून पाडतो, पुटपुटल्यासारखं बोलतो, चिडचिडा होतो, आणि "मी ठीक आहे" म्हणतो. त्याला विचारून उपयोग नाही. हातमोजा काढून अंगठा करंगळीला लावायला सांगा. जमत नसेल तर तो ठीक नाही.

अशा माणसाला वाऱ्यातून आडोशाला आणा, फोमवर बसवा, ओलं काढून कोरडं घाला, फॉइलच्या पिशवीत घाला. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड, गरम पेय द्या. दारू अजिबात नको. आतली ऊब कातडीवर येऊन निघून जाते. कापरं भरणं थांबलं आणि ऊब मात्र आलेली नाही, तर प्रकरण गंभीर आहे, मदत बोलवा.

नाक, गाल, बोटं पांढरीफटक आणि बधिर झाली तर ती बर्फाने चोळू नका, हा जुना उपाय कातडी फाडतो. गाल तळहाताने झाका, बोटं काखेत धरा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर खोलवर गोठलेला भाग वाटेत वितळवू नका.

मदतीची खूण: मिनिटाला सहा शिट्या किंवा सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. आपत्कालीन ११२ क्रमांक कितीतरी देशांत चालतो, पण निघण्याआधी त्या भागाचा बचावाचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा. नेटवर्क धारेवर मिळण्याची शक्यता जास्त, घळीत जवळपास नाही.

१०. उतरणं आणि त्यानंतर

बहुतेक पाय उतरतानाच मुरगळतात. सैल बर्फात टाच आधी रोवा, गुडघे किंचित वाकलेले, काठ्या थोड्या लांब केलेल्या. घट्ट झालेल्या टप्प्यावर मायक्रोस्पाइक्स लगेच चढवा. "एवढंच तर आहे" म्हणून टाळू नका. बसून घसरगुंडी करत जायचा मोह होईल. बर्फाखाली खोडांचे बुडखे आहेत, हे आठवा. अंधार पडायच्या पंधरा मिनिटं आधी हेडटॉर्च डोक्यावर बांधा, गरज पडल्यावर सॅकमध्ये शोधत बसू नका.

गाडीत कोरडे मोजे आणि दुसरी पादत्राणं ठेवलेली असू द्या. बूट घरी आल्यावर आतला तळवा काढून, कागद कोंबून वाळवा. हीटरला चिकटवून ठेवलेत तर तळ सुटतो, माझ्या एका जोडाचा सुटला. हेडटॉर्चचे सेल काढून ठेवा. खिशातली फाट्यांची चिठ्ठी फेकू नका. चुकीच्या निघालेल्या ओळीवर तिथल्या तिथे दुरुस्ती करून नकाशात ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडते.

आणि निरोप ज्याच्याकडे दिला होता त्याला फोन करा. बूट काढायच्या आधी.